पिल्लू आणू की चार वर्षांचा बोका?

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो. यजमानांना मधुमेह आहे, शिवाय रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. घरात मांजर असावं असं मला फार वर्षांपासून वाटतं. आता कुठे त्यांनी होकार दिलाय. आमच्या जिन्याखाली एका मांजरीला चार पिल्लं झाली आहेत, महिनाभराची असतील. दुसरीकडे, ओळखीचं एक कुटुंब कायमचं परदेशी चाललंय. त्यांचा चार वर्षांचा बोका आहे, नसबंदी झालेला, पिल्लू असल्यापासून त्यांच्याकडेच वाढलेला. मुलगी म्हणते, "पिल्लूच आण, लहानपणापासून वाढवलं तरच लळा लागतो. मोठं मांजर आपलं होत नाही." काय करावं? आम्ही शाकाहारी आहोत, हेही सांगून ठेवते.

उत्तर : बोका आणा.

मुलीचं म्हणणं अगदीच चूक नाही. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असतं त्या काळात त्याला माणसाचा हात लागला, तर माणसापासून धोका नाही हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. त्या दिवसांत माणूस जवळ आलाच नाही, तर पुढे ते हाताला लागणं कठीण. पण एकदा माणसाळलेलं मांजर फक्त त्या एका घरापुरतं माणसाळलेलं नसतं. बोक्याच्या बाबतीत ती मेहनत आधीच्या घराने केलेली आहे. तो तुम्हाला लळा लावेल. वेळ लागेल, एवढंच.

आता तुमच्या घरात पिल्लू आलं तर काय होईल ते सांगते. रात्री दोन वाजता चादरीखाली यजमानांचा अंगठा हलला की पिल्लाच्या लेखी तो उंदीर. पुढच्या दोन पंजांनी पकडायचं, दात रोवायचे आणि मागच्या पायांनी ओरबाडायचं, हा त्याचा खेळ. माझ्या पायावर हे झालं तर मी हसेन. मधुमेहाच्या पायाला, त्यातून रक्त लवकर थांबत नसताना, ही जखम परवडणारी नाही. शिवाय पिल्लं चालताना पायात पायात करतात, आणि या वयात पडणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. सहा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा खाणं, आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची, मधेमधे जंताचं औषध, मग नसबंदी. दर वेळी टोपली आणि रिक्षा. एवढं करून ते मोठेपणी मांडीवर बसणारं निघेल की कपाटावरून तुमच्याकडे बघत राहणारं, हे आज कोणीच सांगू शकत नाही. बोक्याचा स्वभाव मात्र समोर दिसतोय.

आणखी एक हिशोब. घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. तुमची परिचित मंडळी आज ज्या पेचात आहेत, तोच उद्या तुमच्या मुलीपुढे येऊ शकतो. तेव्हा सल्ला देणाऱ्या मुलीला आत्ताच विचारा : वेळ आली तर बोक्याला तू नेशील ना?

हो म्हणण्याआधी बोक्याला त्याच्याच घरी जाऊन भेटा, यजमानांनाही न्या. उचलायला जाऊ नका. खुर्चीत बसून तर्जनी त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा आणि गप्प राहा. शेपटी उभी, टोक किंचित वळलेलं, असा आला आणि बोटाला गाल घासला, तर काम झालं. कान मागे चपटे करून शेपटी आपटत असेल, तर त्या दिवशी नाद सोडा. दोन दिवसांनी परत जा. खेळताना चावतो का, ट्रेबाहेर कधी घाण करतो का, हे मालकांना थेट विचारा. लसींचं कार्ड मागून घ्या. त्याचं खाणं, ट्रे आणि तो ज्यावर झोपतो ती चादरही घेऊन या. ती धुवू नका, त्याचा वास त्यातच आहे.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस एकच खोली. पलंगाखाली बसेल, तुम्हाला वाटेल आजारी पडला. ओढून काढू नका. बहुतेक रात्री सामसूम झाल्यावर खाऊन जाईल. मात्र पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही, तर दवाखान्यात फोन करा. बोक्याच्या बाबतीत एक गोष्ट फ्रिजवर लिहून चिकटवा : तो सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद, ती तुंबली की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

तो येण्यापूर्वी गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी लावून घ्या. नुसत्या ग्रिलमधून मांजर आरामात बाहेर जातं. लादी पुसायचं फिनेल आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या बंद. फिनेल पायांना लागतं आणि मग चाटून पोटात जातं. ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नका, एका गोळीने मांजर दगावतं.

शाकाहाराचं काय? मांजराला मांसाहार लागतोच. टॉरिन नावाचा घटक त्याला प्राणिज अन्नातून मिळावा लागतो. तो नसला तर हळूहळू दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. आपल्या आज्यांची मांजरं दूधभातावर जगली असं आपण म्हणतो, पण ती उरलेली भूक दिवसभर उंदीर आणि पाली मारून भागवत होती. तुमचा बोका घराबाहेर जाणार नाही. मांस शिजवण्याची गरज नाही, मांजरांसाठीचं तयार खाणं मिळतं. पण ते पाकीट स्वयंपाकघरात चालणार नसेल, तर गॅलरीत त्याची वेगळी जागा करा. तेही चालणार नसेल, तर मांजर आणू नका, पिल्लूही नको आणि बोकाही नको. दूध देऊ नका, बहुतेक मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात.

राहिली जिन्याखालची पिल्लं. महिन्याच्या पिल्लाला आईपासून तोडायचंच नसतं, निदान दोन महिने तरी ती तिच्याजवळ राहू द्या. त्या मांजरीला खायला घालत जा आणि पिल्लांचं दूध सुटलं की तिला पकडून नसबंदीला न्यायचं काम मुलीवर सोपवा. फार दिवस लावू नका म्हणावं. अंगावर पाजत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, आणि त्यानंतर नऊ आठवड्यांत जिन्याखाली पुढची चार.