प्रार्थना कोरडी का वाटते?

प्रश्न : माझं माहेर भायखळ्याचं, सासर कांजूरमार्गचं. दर रविवारी चर्चमधल्या मराठी उपासनेला जाते, पण आत काही हलत नाही. ऑफिसातली मैत्रीण तिच्या प्रार्थनासभेला नेते. तिथे लोक हात उंचावून रडतात. खरा जिवंतपणा तिथेच आहे का? शिवाय माहेरच्या पागडीच्या खोलीचा पुनर्विकास होतोय आणि भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. त्यावरून गणपतीपासून आमचं बोलणं बंद आहे. देवाजवळ ज्ञान मागते, उत्तर येत नाही.
– एक वाचक भगिनी

उत्तर : सलाम ताई. तुम्ही प्रश्न दोन लिहिलेत, मला तो एकच दिसतो.

रडणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. 1905 साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनातल्या मुलीही अशाच रडल्या होत्या, मोठ्याने प्रार्थना करत होत्या. पण नंतर त्या गावोगाव सुवार्ता सांगायला बाहेर पडल्या. मैत्रिणीच्या सभेला खुशाल जा. तिथून घरी आल्यावर तुम्ही कशा वागता, तेवढं बघा. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात सार्दीस शहरातल्या मंडळीचाही (म्हणजे चर्चचाही) जिवंत म्हणून लौकिक होताच, प्रभूने तिला मेलेली म्हटलं.

ज्ञानाने उणा असलेल्याने ते देवाजवळ मागावं, असं याकोब बायबलमधल्या आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो. आपण तिथेच थांबतो. तिसऱ्या अध्यायात तो वरून येणाऱ्या ज्ञानाची ओळख देतो: ते शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगं, दयेने भरलेलं. शलमोन राजाने देवाजवळ ज्ञान मागितलं, आणि त्यानंतर त्याच्यापुढे आला तो एका मुलावरून दोन बायकांचा तंटा. तुमच्यापुढे खोलीचा आहे.

म्हणून सही करून मोकळ्या व्हा, असं मी म्हणत नाही. (‘ख्रिस्ती बाईने हक्क सोडावा’ हे नेहमी ज्याला खोली हवी असते तोच सांगतो!) पागडीच्या खोलीत वारसाचं काय होतं, ते वकिलाला विचारा, कागद वाचल्याशिवाय सही नको. हेही ज्ञानच. पण हिशेब वेगळा, अबोला वेगळा. वेदीपाशी अर्पण तसंच ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात सांगितलंय. तुमची उपासना तिथे अडली असावी, असं मला वाटतं.

लोकलमध्ये बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक वाचा. अध्याय 31 आहेत, तारखेप्रमाणे रोज एक. आणि येत्या रविवारच्या आत भावाला फोन करा. खोलीचा विषय काढू नका, मुलांची चौकशी करा. त्याने नाही उचलला, तर वहिनींना लावा.