टँपा की ऑर्लँडो? आधी मुलीला विचारलंत का?

प्रश्न: मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. वय ५४, खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.८. तिला एमएससाठी अमेरिकेत पाठवायचं ठरवलं आहे. माझा चुलतभाऊ अठरा वर्षं टँपाला आहे. पत्नीला गुडघ्यांचा त्रास आहे, थंडी सोसत नाही, म्हणून फ्लोरिडाच नक्की केलं. तिथे इन्कम टॅक्स नाही, आणि वर्षभर राहिलं की स्थानिक विद्यार्थ्यांची फी लागते असं कळलं. सिव्हिलमध्ये पैसा नाही, म्हणून डेटा सायन्स घ्यायला सांगितलं आहे. घर तारण ठेवून ४५ लाखांचं कर्ज मिळेल. तिला खाडी, बंदरं वगैरे असलं काहीतरी आवडतं, पण ते आवडीपुरतं ठीक. टँपा, ऑर्लँडो, जॅक्सनव्हिल, मायामी यांपैकी कुठे तिने सेटल व्हावं, म्हणजे पुढे आम्हालाही जाता येईल?

उत्तर: तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, वर ते थोडक्यात दिलं आहे. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. हवामानाचा उल्लेख पाच ठिकाणी आहे, चुलतभावाचा चार ठिकाणी, कर्जाच्या हप्त्याचा तीन ठिकाणी. ज्या मुलीला हे सगळं करायचं आहे, तिची इच्छा एका ओळीत आली आहे आणि त्या ओळीतही ‘असलं काहीतरी’ हे शब्द आहेत. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली गोष्ट हीच. ७.८ ची मला काळजी नाही.

तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाही. पत्नीच्या गुडघ्यांचा विचार करून राज्य निवडणारा नवरा मला आवडतो. पण कारण तिच्या आईच्या गुडघ्यांचं, उतारवयात मुलीजवळ राहण्याची इच्छा तुमची, आणि कर्ज, व्हिसा, परका देश हे सगळं बावीस वर्षांच्या मुलीच्या वाट्याला, असं हे गणित झालं आहे. ते तिला कोणी सांगितलंय का? बहुतेक तिला ते सांगावंच लागलं नसेल. घरात आई जिना उतरताना कठडा धरते हे ती रोज बघते. अशा मुली ‘नाही’ म्हणत नाहीत. पुढे तिसऱ्या सेमिस्टरला रात्री दोन वाजता फोन करून रडतात. असे फोन मी घेतलेले आहेत, म्हणून आत्ता कडक बोलते आहे.

आणि ज्या कारणासाठी हा खटाटोप, ते तरी साधतं का? तुम्ही अकाउंट्सचे, हिशेब तुम्हीच करा. तुम्ही दोघं तिथे जाल ते पाहुण्यांच्या व्हिसावर. एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. आईवडिलांना कायमचं बोलावून घ्यायचं तर मुलगी अमेरिकेची नागरिक हवी. त्याआधी तिला ग्रीन कार्ड हवं. नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डमध्ये कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि त्यामुळे भारतीयांची रांग काही दशकांची झाली आहे. तुम्ही आज ५४ चे आहात. शिवाय मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा नव्याने आलेल्या आईवडिलांना पैसे भरूनही लगेच मिळत नाही; त्यासाठी ग्रीन कार्डावर पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. आणि तिथल्या बहुतेक शहरांत गाडीशिवाय साधं दूधही आणता येत नाही. आज तुमच्या पत्नी हळूहळू का होईना, गावदेवी मार्केटला जाऊन भाजी आणत असतील, संध्याकाळी तलावपाळीवर बसत असतील. तिथे त्या प्रत्येक गोष्टीसाठी कोणाच्या तरी सुट्टीची वाट बघतील. गुडघ्यांसाठी चांगला ऑर्थोपेडिक सर्जन ठाण्यात रिक्षाच्या अंतरावर आहे. तो विषय मुलीच्या पदवीपासून सोडवा, या आठवड्यातच.

‘सेटल’ हा शब्द तुम्ही सहा वेळा वापरला आहे. विद्यार्थ्याचा एफ-वन व्हिसा मागताना मुलीला मुलाखतीत नेमकं उलट पटवून द्यावं लागतं: शिक्षण झाल्यावर परत येण्याचा माझा इरादा आहे, माझं घर भारतात आहे. तुम्ही तिला रोज जेवताना सेटल होण्याचे बेत ऐकवता आणि मग त्या खिडकीसमोर उभं करणार. खोटं बोलायला लावू नका तिला. ती शिकायला जाते आहे, एवढंच तिच्या मनात स्वच्छ असू द्या.

पदवीनंतरही शहर निवडणं तिच्या हातात फारसं नसतं. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर, बारा महिने काम करता येतं, विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर आणखी चोवीस. पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहिलं तर मुक्काम धोक्यात येतो. अशा वेळी नोकरी ओहायोत मिळाली तर मुलगी ओहायोला जाते, बर्फ असो नसो. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, वर्षाला ८५ हजार जागांची. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला, त्यावरून नियम किती पटकन फिरतात ते लक्षात घ्या. चार शहरांची तुमची यादी या सगळ्याच्या आधीच तयार आहे.

तरी विचारलंत, म्हणून शहरांबद्दल थोडक्यात. मायामी महाग, व्यापार आणि बँकांचं, आणि तिथे इंग्रजीइतकीच स्पॅनिश कानावर पडते. ऑर्लँडो समुद्रापासून आत आहे, डिस्नेमुळे माहीत असलेलं, पण सैन्याच्या प्रशिक्षणासाठी लागणाऱ्या सिम्युलेशनचा मोठा उद्योगही तिथे आहे. जॅक्सनव्हिल उत्तरेला, बंदर आणि वित्तसंस्थांचं, हिवाळ्यात तुमच्या कल्पनेपेक्षा गार. टँपा उपसागराला लागून आहे, आणि २०२४ मध्ये २६ सप्टेंबरला हेलीन आणि ९ ऑक्टोबरला मिल्टन अशी दोन चक्रीवादळं तेरा दिवसांच्या अंतराने त्या बाजूला आली. हेलीन तर किनाऱ्याला टेकलं ते टँपापासून बरंच उत्तरेला, तरी उपसागराचं पाणी वस्त्यांत शिरलं. चुलतभावाला त्या दोन आठवड्यांबद्दल विचारा, आणि घराच्या विम्याचा हप्ता किती झालाय तेही. राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे खरं, पण केंद्राचा आहेच, आणि उरलेलं विमा आणि मालमत्ता कर वसूल करतात. उन्हाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर तिथेही रोज दुपारी ढग गडगडून पाऊस पडतो आणि हवा आपल्या जूनसारखीच चिकट असते.

आता तो फीचा गैरसमज. यावर तुमचं अख्खं बजेट उभं आहे, म्हणून नीट वाचा. फ्लोरिडातल्या सरकारी विद्यापीठांत स्थानिकांची फी आणि बाहेरच्यांची फी यांत दुपटीहून जास्त फरक असतो, हे बरोबर. बारा महिने राज्यात राहिल्याची अट असते, हेही बरोबर. पण ती अट अमेरिकन नागरिकांसाठी, ग्रीन कार्डवाल्यांसाठी आणि काही ठरावीक व्हिसाधारकांसाठी आहे, आणि त्या यादीत एफ-वन नाही. तुमची मुलगी तिथे दोन वर्षं राहिली, वीजबिल तिच्या नावावर आलं, काकांचा पत्ता लावला, तरी दुसऱ्या वर्षी फी बाहेरच्यांचीच लागणार. ‘एक वर्ष काढलं की झालं’ हे सांगणारे बहुधा स्वतः नोकरीच्या व्हिसावर गेलेले असतात, त्यांच्या अनुभवात ते चुकीचं नसतं. तुमच्या ४५ लाखांत दुसऱ्या वर्षाची फी स्थानिक दराने धरली असेल तर आजच खोडा. फी खरंच कमी करणारी वाट असिस्टंटशिपची. प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम किंवा वर्गात शिकवणं, आणि त्याबदल्यात फी-माफी आणि महिन्याचं मानधन. मात्र ती मिळते त्या विद्यार्थ्याला, ज्याला त्या प्राध्यापकाच्या विषयात खरा रस आहे आणि ज्याच्याकडे दाखवायला काही काम आहे. म्हणजे ज्या आवडीला तुम्ही ‘आवडीपुरतं ठीक’ म्हणून बाजूला सारलंत, पैसे वाचवणारी गोष्ट नेमकी तीच आहे.

डेटा सायन्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिच्यासाठी नको. चार वर्षं काँक्रीट, माती आणि पाणी शिकलेली मुलगी, कॉम्प्युटरवाल्यांच्या रांगेत सगळ्यात मागे, डोक्यावर घराचं तारण आणि समोर ९० दिवसांचं घड्याळ. तो विषय मनापासून आवडणाऱ्यांनी अवश्य घ्यावा. तुमच्या पत्रात तिला तो आवडतो असं एकदाही लिहिलेलं नाही.

यापुढचं पत्र कृपया तिच्या हातात द्या.

बाळा, तुझे बाबा ज्याला ‘खाडी, बंदरं वगैरे’ म्हणतात, त्या विषयाला कोस्टल इंजिनिअरिंग म्हणतात. तू ठाण्यात वाढलीस म्हणजे तो तुझ्या दारातच आहे. कळव्याच्या पुलावरून दिसणारी खाडी खाली मुंबई बंदरापर्यंत जाते. तिच्यात गाळ किती येतो, कुठे बसतो, खारफुटी तोडली तर भरतीचं पाणी कुठवर चढतं, अटल सेतूच्या खांबांभोवती तळ किती खरवडला जातो, हे सगळे तुझ्या विषयाचे प्रश्न आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यात समुद्राला भरती आली आणि पावसाचं पाणी बाहेर पडायला जागाच राहिली नाही. बाबांना त्या दिवसाबद्दल विचार, ते घरी कसे पोचले ते सांगतील.

आता मायामीचं एक ऐक. तिथे लख्ख ऊन असताना मोठ्या भरतीच्या दिवशी रस्त्यावर पाणी येतं. शहराखाली सच्छिद्र चुनखडक आहे, त्यामुळे किनाऱ्यावर भिंत बांधली तरी पाणी खालून वर येतं. मायामी बीचने रस्ते उचलून घेतले, पंप बसवले. असं शहर तू राहायला नको निवडूस, अभ्यासाला निवड. हे वाचून तुझ्या डोक्यात ‘मग पंपाचं पाणी टाकायचं कुठे?’ असा प्रश्न आला, तर तू योग्य विषयाशी आहेस.

जीआरई, आयईएल्ट्स, गेट यांच्या तारखा तुला माझ्याहून चांगल्या ठाऊक असतील. त्या परीक्षा देच, पण त्याआधी ओळखी करून घे. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. बंदरांची छोटी मॉडेलं बांधून त्यांत लाटा आणि भरती सोडून पाहतात. कॉलेजच्या पत्रावर इंटर्नशिपसाठी अर्ज कर. आयआयटी मद्रासला ओशन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे, गेटमधून एम.टेक. करता येतं, आणि त्यासाठी पाचपाखाडीचं घर तारण ठेवावं लागत नाही. डहाणूजवळ वाढवणला मोठं बंदर उभं राहतंय. त्याच्या बांधाबद्दल वाच आणि तिथल्या कोळ्यांचं म्हणणंही वाच. बाहेरच जायचं असेल तर नेदरलँड्समधलं डेल्फ्ट बघ, पाण्याशी झगडण्यात त्या देशाची हयात गेली आहे. आणि फ्लोरिडाच हवं असेल तर बाबांच्या यादीत नसलेलं एक गाव सांगते: गेन्सव्हिल. युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडा तिथे आहे, आणि कोस्टल इंजिनिअरिंगची तिथली परंपरा जुनी आहे. गंमत म्हणजे गाव दोन्ही किनाऱ्यांपासून गाडीने तासाभराहून लांब आहे. प्राध्यापकांचे दोन-तीन शोधनिबंध वाचून मगच ईमेल लिही. ‘आदरणीय सर, मला संधी द्या’ अशी पाठवू नकोस, ‘तुमच्या या निष्कर्षाबद्दल मला हे विचारायचं आहे’ अशी पाठव. आणि डेटाला घाबरू नकोस. भरती-ओहोटीच्या नोंदी, लाटांची मॉडेलं यांसाठी पायथॉन शिकावंच लागेल, म्हणजे बाबांचं म्हणणंही थोडं राखलं जाईल.

यातलं काहीच नको असेल, तेही चालेल. कदाचित तुला दोन वर्षं ठाण्यातच नोकरी करायची असेल. घरी सांगता येत नसेल तर मला सांग, मी बाबांशी बोलेन. तुझ्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय काय आहे, हे बाबांच्या पत्रात कुठेच नव्हतं. तेवढं आधी कळव.