पंखा बंद करून बघ

नौपाडा, ठाणे
रविवार सकाळ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला पाहिला. 'बाई, चौथीच्या मॅडम मला वर्गात टिकूच देत नाहीत. म्हणाल्या, आधीच 52 पोरं, त्यात आता तुम्ही तपासायला.' पुढे तो रडका चेहरा. मला मोबाइलवर एवढं लांबलचक लिहायला जमत नाही, अंगठे ऐकत नाहीत. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. अक्षर लावून घे.

त्या मॅडमचं काही चुकलेलं नाही. तू फिरती विशेष शिक्षिका, ऐरोली ते कोपरखैरणे तुझ्याकडे अकरा शाळा, म्हणजे तू त्यांच्या वर्गात पंधरा दिवसांतून एकदा उगवणार. ज्याच्यासाठी तू जातेस ते कर्णबधिर मूल त्यांच्याकडे रोज पाच तास. पंधरवड्याने येणारं माणूस मागे वही उघडून बसलं की ते साहेबच वाटणार, मग तू कितीही गोड हास.

मीही हेच करून बसले होते. कर्णबधिर शाळेतली नोकरी संपवून साध्या शाळांमध्ये जायला लागले, तेव्हा तीस वर्षांचा अनुभव कुठे उतरवू असं झालं होतं. एका शाळेत तिसरीच्या बाईंना मी सतरा सूचनांचा कागद लॅमिनेट करून दिला. मुलाला पहिल्या बाकावर बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, खिडकी पाठीशी घेऊन उभ्या राहू नका, वगैरे. एकही सूचना चुकीची नव्हती. दोन महिन्यांनी गेले तर कागद टेबलाच्या काचेखाली, एसटीचं वेळापत्रक आणि गणपतीच्या फोटोच्या मधोमध. मुलगा पहिल्या बाकावर. आणि पहिला बाक नेमका खडखडणाऱ्या पंख्याखाली, रस्त्याकडच्या खिडकीला लागून, खाली रिक्षा स्टँड. बाईंनी माझं म्हणणं तंतोतंत पाळलं होतं, आणि पोराला आधीपेक्षाही कमी ऐकू येत होतं.

मी उठून पंखा बंद केला. ऑक्टोबरचा उकाडा, सगळा वर्ग घामाघूम, पण त्या पोराने मान वर केली आणि बाईंकडे बघितलं. पाच मिनिटांनी बाई आपणहून म्हणाल्या, "ह्याला भिंतीकडच्या ओळीत घेऊ का? दुसऱ्या बाकावर?" हे माझ्या सतरा सूचनांत कुठेही नव्हतं.

तेव्हा सोमवारी वही पिशवीतच राहू दे. मागे बसू नकोस, त्या मुलाच्या शेजारी बस, आणि मान त्याच्या उंचीवर आण. एक तास नुसतं त्याच्या जागेवरून बघ. मॅडम 'अपूर्णांक' म्हणत फळ्याकडे वळल्या की त्याला त्यांची वेणी दिसते. वर्ग हसला की तो आधी शेजाऱ्याकडे बघतो आणि मग हसतो, अर्ध्या क्षणाने. 'समजलं का रे?' विचारलं की मान हलवतो. कर्णबधिर मुलाची मान 'हो' म्हणायला फार लवकर शिकते. मॅडमना हे दिसत नाही, कारण त्या पुढे उभ्या आहेत आणि त्यांच्यासमोर 52 माना आहेत. तुला दिसतं, एवढाच तुझा उपयोग. तास संपल्यावर त्यातली एकच गोष्ट सांग. एकच, आणि तीही पायऱ्यांवरून उतरता उतरता. मुख्याध्यापकांच्या खोलीत तर मुळीच नाही.

काही गोष्टी मॅडमना कुणी सांगितलेल्याच नसतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी असते आणि शिक्षकांना ती मार्कांसारखी वाटते. साठ टक्के गेलं, म्हणजे चाळीस टक्के ऐकू येतं, मग हा लक्ष का देत नाही? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोजमाप डेसिबलचं आहे: दोन्ही कानांना 60 ते 70 डेसिबल ऱ्हास असेल तर कमी ऐकू येणारा, 70 किंवा त्याच्यावर असेल तर बधिर. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. शिवाय श्रवणयंत्र चष्म्यासारखं काम करत नाही. ते मॅडमचा आवाज मोठा करतं तसा पंख्याचाही करतं, बाक सरकल्याचाही करतं. (बाकांच्या पायांना जुने टेनिसचे चेंडू चिरून लाव. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडे ढिगाने मिळतात. माझ्या सगळ्या कारकिर्दीतला सगळ्यात स्वस्त उपाय.) उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने खाली येतो. चार भिंतींत हिशेब इतका साधा नसतो, पण मॅडम टेबलापाशी उभ्या राहून बोलतात आणि त्याच्या बाकाशेजारी उभ्या राहून बोलतात, यात त्याच्या दृष्टीने केवढा फरक आहे ते लक्षात येईल.

ओठ वाचतो म्हणतात. आज आरशासमोर आवाज न काढता 'पान, बाण, मान' म्हणून बघ. तिन्ही सारखेच. क, ग तर घशाकडेच राहतात, ओठांवर येतच नाहीत. मुलं अंदाजाने पुरं करतात, आणि दुपारपर्यंत थकून जातात. शेवटच्या तासाला तो डोकं टेकून बसतो, तो आळशीपणा नसतो.

यंत्राचं बघणं मात्र पहिला महिना तूच कर. निदान तू जाशील त्या दिवशी, प्रार्थनेच्या आधी, मॅडमच्या टेबलाशी उभं राहून, त्यांना दिसेल असं. पावसाळ्यात कानात बसणाऱ्या साच्यापासून यंत्राकडे जाणाऱ्या त्या पारदर्शक नळीत घामाचा नाहीतर बाष्पाचा थेंब अडकतो. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, पण आवाज तिथेच अडतो. नळी यंत्रापासून सोडवून फुंकर मारली की निघतो. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला आईला सांग. बॅटरीवरचा स्टिकर काढला की आत हवा जाते आणि ती सुरू होते. म्हणून काढल्यावर मिनिटभर थांबून मग आत घालायची, आणि आधीच स्टिकर काढून ठेवायचे नाहीत. एका बाईंनी प्रेमाने सगळ्या बॅटऱ्यांचे स्टिकर काढून ड्रॉवरमध्ये तयार ठेवले होते, वेळेवर धांदल नको म्हणून. सगळ्या संपल्या. तू पर्समध्ये बॅटऱ्यांची दोन पाकिटं ठेव, निळ्या स्टिकरची 675 आणि केशरी स्टिकरची 13, बहुतेक मुलांना यातलीच एक लागते.

मग तोंडासमोर कागद धरून सहा आवाज काढ: आ, ई, ऊ, श, स, म. डॅनियल लिंग यांची ही चाचणी. म खालच्या पट्टीचा, स अगदी वरच्या, बाकीचे मध्ये, त्यामुळे बोलण्यातली सगळी पट्टी तपासून होते. मुलाने ऐकून परत म्हणायचं, नाहीतर ऐकू आलं की टाळी वाजवायची. काल 'स' येत होता आणि आज नाही, तर यंत्रात किंवा कानात काहीतरी झालं आहे. दोन मिनिटं लागतात. तीन-चारदा बघितलं की मॅडम स्वतः करायला लागतील. नाही लागल्या तर त्याच्या शेजारची एखादी चुणचुणीत मुलगी करेल. मी अशी एक मुलगी पाहिली आहे, ती त्याची हजेरी घेतल्यासारखे आवाज काढायची.

आता वही. 'मी काल आजी गाव गेला.' अशा वाक्यावर लाल रेघ ओढून मॅडम थकलेल्या असतात आणि मनात कुठेतरी ठरवून टाकलेलं असतं की पोरगं मंद आहे. इथे तुझं शिक्षण कामाला येईल. ला, ने, चा, हून हे प्रत्यय आपण शब्दाच्या शेवटी, आवाज पडलेला असताना, घाईत उच्चारतो. ओठांवर ते धड दिसत नाहीत, यंत्रातून धड पोहोचत नाहीत. त्याने ते कधी ऐकलेलेच नाहीत, तर लिहील कुठून? आणि घरी किंवा मित्रांत तो खुणांनी बोलत असेल, तर त्या भाषेचं व्याकरण वेगळं आहे. तिथे 'तुझं नाव काय' हे 'तू नाव काय' असं होतं, प्रश्नाचा शब्द शेवटी जातो. वरच्या वाक्यात कोण, कधी, कुठे हे सगळं बरोबर आहे, फक्त जोडणारे खिळे नाहीत. हे मी ज्या ज्या शिक्षिकेला तिच्याच वर्गातली वही समोर ठेवून दाखवलं, तिचा चेहरा बदलताना बघितला आहे. मग एका आठवड्याला एकच प्रत्यय घ्यायचा. या आठवड्यात फक्त 'ला', बाकीच्या चुकांना लाल पेन लावायचं नाही.

खुणांचं विचारलं होतंस. मॅडमना मुळाक्षरांपासून शिकवायला बसू नकोस. उद्याच्या पाठातले पाच शब्द घे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश मोबाइलवर बघता येतो. 2018 मध्ये त्यात 3,000 शब्द होते, 2021 मध्ये 10,000 झाले. त्याहून बरं म्हणजे एखाद्या कर्णबधिर मोठ्या माणसाला वर्गात घेऊन जा. ठाणे स्टेशनवर ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर संध्याकाळी उभी राहा. आपण फोनवर ओरडत असतो, आणि दोन तरुण रुळांच्या अलीकडून पलीकडे निवांत गप्पा मारत असतात, मध्ये गाडी आली की तेवढ्यापुरत्या थांबतात. मॅडमनी आणि त्या मुलाच्या आईवडिलांनी हे एकदा बघायला हवं.

हे मी सांगते आहे, पण नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझं वर्गातलं पेटंट वाक्य होतं, 'हात खाली!' आम्हाला तसंच शिकवलं होतं. 1880 साली मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेत ठराव झाला की बोलूनच शिकवायचं, हातांनी नाही, आणि त्याची सावली आमच्या वर्गापर्यंत पोहोचली होती. पोरं मांडीखाली हात दाबून बसायची आणि मधल्या सुट्टीत जिन्याखाली हातांनी धबधब्यासारखी बोलायची. मला बघितलं की हात मागे. 2010 मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या त्याच परिषदेत ते ठराव नाकारले गेले आणि खेद व्यक्त झाला. तोवर माझी ती पोरं बाप झाली होती.

श्रवणतपासणी, साचे, कागदपत्रं यांसाठी वाशीचं महापालिकेचं अपंग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आणि वांद्र्याची 1983 पासूनची कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था तुला ठाऊकच आहेत. त्या फेऱ्यांचं वेळापत्रक तू सांभाळ, मॅडमवर टाकू नकोस.

आणि मुख्य गोष्ट. सगळे विशेष शिक्षक त्या एका मुलाला उचलून दुसऱ्या खोलीत नेतात. तू उलट कर. मॅडमना सांग, "वीस मिनिटं ही 51 मी घेते, तुम्ही ह्याच्याजवळ बसा." वर्षभरात त्यांना त्या पोराशी समोरासमोर बोलायला वीस मिनिटं मिळालेली नसतील. पहिल्यांदा त्या अवघडतील, काय बोलू असं होईल, कदाचित वह्याच तपासत बसतील. बसू देत. पुढच्या वेळी पुन्हा घे. तपासायला आलेलं माणूस कधी वर्ग घेत नाही, हे त्यांच्या आपोआप लक्षात येईल.

51 पोरांना वीस मिनिटं धरून ठेवील अशी गोष्ट मात्र तयार हवी. ससा-कासव नको, चौथीची पोरं उठून जातील. भुताची चालेल.

सोमवारी काय झालं ते कळव. व्हॉइस मेसेज पाठवू नकोस, माझ्या डाव्या कानाने आता रजा घेतली आहे. लिहून पाठव.

तुझी,
बाई