बाबागाडी घेताय? आधी तुमचा जिना आणि रस्ता सांगा

या वेळी पत्रांमधे बाबागाडीचेच प्रश्न इतके आलेत की सगळं सदर त्यालाच देतेय. ब्रँडचं नाव विचारलंय बऱ्याच जणांनी, ते मी सांगणार नाही, कारण एकच गाडी एका घरात सोन्यासारखी चालते आणि दुसऱ्या घरात माळ्यावर जाऊन पडते, आणि त्यात गाडीचा दोष नसतो.

ताई, मी डोंबिवलीची, सातवा महिना चालूये. आमची बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवऱ्याने ऑनलाइन एक ट्रॅव्हल सिस्टिम बघून ठेवलीये, कारसीट, कॅरीकॉट (बाळाला झोपवून न्यायची टोपली), स्ट्रोलर सगळं एकात, पंचवीस हजारांच्या आसपास. सासूबाई म्हणतात आमची पोरं कडेवर मोठी झाली, कशाला पैसे घालवताय. आमच्याकडे कार नाही, स्कूटर आहे. काय करू?

ही ट्रॅव्हल सिस्टिम घेऊ नका. अगदी स्पष्ट सांगते. कार नाही म्हणजे कारसीटचे पैसे तसेच गेले, आणि असल्या सेटचं वजन साधारण १० ते १५ किलोपर्यंत जातं, आता दुपारी नवरा ऑफिसात, तुमच्या एका हातात बाळ, खांद्यावर डायपरची बॅग, आणि दुसऱ्या हाताने ही गाडी तीन मजले उतरवायची, ती पण सिझेरियन झालं असेल तर टाके ओले असताना, हे होणारच नाहीये, मग तुम्ही घरातच बसाल आणि बाहेर पडणं बंद होईल, ज्याच्यासाठी गाडी घ्यायची तेच राहून जाईल. म्हणून मी कुणालाही पहिला प्रश्न हाच विचारते की गाडी उचलणार कोण. ढकलणं सोपं असतं हो, उचलणं अवघड.

सासूबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पहिले चार-पाच महिने तुम्हाला गाडीवाचून काही अडणार नाही. सव्वा महिना तर तसंही बाळ दवाखाना सोडून फारसं बाहेर जात नाही आपल्याकडे, त्यानंतर चांगला बेबी कॅरियर घ्या, बाळाचं तोंड तुमच्या छातीकडे, नाक-तोंड उघडं आणि तुम्हाला खाली बघितलं की दिसणारं, हनुवटी छातीला टेकलेली नको, पाय लोंबकळते नकोत तर गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, बेडकासारखे फाकलेले, म्हणजे खुब्याच्या सांध्याला त्रास होत नाही. फक्त कॅरियरमधे बाळ बांधून स्कूटरवर बसू नका, कॅरियर चालण्यासाठी असतो, तो स्कूटर पडली तर बाळाला वाचवत नाही.

पण निम्मं बरोबर नाहीये कारण कडेवर घेणारे हात तेव्हा घरात पाच-सहा जणांचे होते, आता तुम्ही एकट्या असणार, आणि सहा महिन्यांचं बाळ सात किलोच्या आसपास असतं, ते घेऊन फडके रोडला भाजी आणायला गेलं की कंबर जाते. तेव्हा बाळ नीट मान धरायला लागलं आणि टेकून बसायला लागलं की हलकी गाडी घ्या, ६-७ किलोची, एका हाताने मिटणारी. लवकर घ्यायचीच असेल तर पाठ पूर्ण आडवी होणारीच घ्या. हे पाठीचं का सांगतेय तर लहान बाळाचं डोकं जड आणि मान लुळी असते, अर्धवट बसवलं की डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीवर येते आणि श्वासाची वाट दबते, आणि बाळ तेव्हा रडतही नाही, गप्प असतं, म्हणून कळत नाही. कारसीटमधे झोपलेलं बाळ घरी आल्यावर तसंच तासन्‌तास ठेवू नये म्हणतात ते पण याचसाठी.

दुकानात गेलात तर गाडी रिकामी ढकलून बघू नका, गुळगुळीत फरशीवर रिकामी गाडी सगळीच छान पळते. पाच किलोची तांदळाची पिशवी आत ठेवा, एका हाताने वळवून बघा, एका पायरीवर चढवून बघा, मग मिटवा आणि मिटलेली उचलून दुकानाबाहेर दहा पावलं चाला. रिक्षात पायाशी आडवी मावेल का ते टेपने मोजून ठेवा. मिटवताना बाळ लांब असू दे, कायम. २००९ साली अमेरिकेत जवळजवळ १० लाख गाड्यांवर बिजागरीला झाकणं बसवून द्यावी लागली होती कारण उघड-मीट करताना बारा मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. बिजागरी उघडी असलेली गाडी मला तर हातात धरवत नाही.

आणि सोसायटीत आत्ताच विचारून ठेवा, जिन्याखाली साखळीने बांधून ठेवता आली तर तीन मजल्यांचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

ताई नमस्कार. मी कोल्हापूरचा, वय ६८. मुलानं नातवासाठी गाडी पाठवलीय, नातू आठ महिन्यांचा. रोज संध्याकाळी रंकाळ्यावर नेतो. पट्टा बांधला की पोरगं रडतंय, म्हणून मी न बांधताच बसवतो, हळूच तर चालवतो. सूनबाई रागावते. गाडी पण सारखी डाव्या बाजूला ओढती, खड्ड्यात अडकती. काही उपाय?

काका, सूनबाईचं ऐका. हात जोडून सांगते. गाडीतून मूल पडतं ते काही वेगामुळे नाही पडत, उभ्या गाडीतूनच बऱ्याचदा पडतं, समोर कुत्रं दिसलं, फुगा दिसला, पोरगं पुढे झुकलं की आठ महिन्यांत डोकंच जड असतं ना अंगाच्या मानाने, ते डोक्यावरच पडणार, आणि तुम्ही मागे उभे, तुमचा हात पोचेपर्यंत झालेलं असतं. फुटपाथच्या कडेला पुढचं चाक अडकून गाडी थबकली तरी तेच. तुमच्या गाडीला पाच ठिकाणचा पट्टा असेल, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांच्या मधून, पाचही लावायचे, नुसता कमरेचा लावला तर मूल उभं राहतं आणि वरून निसटतं. रडतंय त्याचं कारण बहुतेक खांद्याचा पट्टा अजून लहान बाळाच्या उंचीवरच राहिलाय, तो मागून काढून वरच्या खाचेत घाला, खांद्याच्या बरोबरीने यायला पाहिजे. पट्टा आणि छाती यात तुमची दोन बोटं जातील इतकी ढील ठेवा. आणि घरात पट्टा बांधून लगेच निघा, बांधून दाराशी गप्पा मारत उभं राहिलं की पोरं किरकिरतात, गाडी हलली की विसरतात. आठवडाभर एकदाही न चुकता बांधा, मग त्याला बांधणं म्हणजेच फिरायला जाणं हे कळेल.

रंकाळ्यावर पाण्याकडे तोंड करून गाडी कधीच थांबवू नका, आडवी लावा आणि ब्रेक लावल्याशिवाय दांडी सोडू नका, ओळखीचं कुणी भेटलं तरी. ब्रेक लावल्यावर एकदा पुढे ढकलून बघायची सवय ठेवा. दांडीला भाजीची पिशवी अडकवायची नाही, बाळाला उचललं की पुढचं वजन जातं आणि गाडी मागे उलटते, बाळ हलकं असेल तर त्याच्यासकटही. सामान खालच्या जाळीत.

डावीकडे ओढते त्याचं बघा, पुढच्या चाकात केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, ते कात्रीने काढा. तरी ओढत असेल तर चाकाची दांडी वाकलीये का ते सायकलवाल्याला दाखवा. खड्ड्यांचं म्हणाल तर ती गाडीच बारीक प्लास्टिक चाकांची असणार, मॉलच्या फरशीसाठी केलेली, पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि चेंबरच्या झाकणापाशी ती अडकणारच. खराब जागा आली की पुढच्या चाकांना लॉक असतो तो लावा, म्हणजे चाक सरळ राहतं, आणि दांडी थोडी दाबून पुढची चाकं उचलूनच पलीकडे न्या. बदलायचीच ठरली तर मोठ्या चाकांची, फोम भरलेली बघा, हवेची मऊ चालतात पण पंक्चर होतात. दांडी तुमच्या बेंबीच्या आसपास यावी, पाठ वाकता कामा नये. आणि ब्रेक पायाने खाली दाबून लागणारा आणि परत दाबूनच सुटणारा घ्या, काही गाड्यांना तो पायाच्या बोटांनी वर उचलावा लागतो, चप्पल घालून ते नखाला फार लागतं.

नागपूरला उन्हाळ्यात बाळाला गाडीतून नेताना वर ओढणी टाकली तर चालेल का? पाच महिन्यांची मुलगी आहे. संध्याकाळी फुटाळ्याला जातो.

ओढणीने गाडी झाकून टाकू नका, पातळ असली तरी. आपल्याला वाटतं सावली केली, पण आतली गरम हवा बाहेर जात नाही. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली हे मोजून बघितलंय, कोरडं मलमल टाकलेल्या गाडीत उघड्या गाडीपेक्षा तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. तेच मलमल ओलं करून टाकलं आणि सोबत छोटा पंखा लावला तर उलट पाचेक अंशांनी कमी झालं. नागपूरकरांना यात नवीन काही नाही, घरचा कूलर ताट्यांवर पाणी सोडून हेच करतो, आणि तुमच्याकडची हवा कोरडी म्हणून ते जमतं, मुंबईच्या दमट हवेत इतकं जमायचं नाही. करायचं असेल तर कापड दर १५-२० मिनिटांनी परत ओलं करावं लागतं, एक बाजू उघडी ठेवायची, आणि पंखा जाळीवाला, बाळाच्या हाताला न येणारा.

पण मे महिन्यात मुळात उन्हं उतरल्यावर लगेच निघूच नका, डांबर तेव्हा तापलेलंच असतं आणि गाडीतलं बाळ रस्त्याला तुमच्यापेक्षा किती जवळ असतं ते बघा. अंधार पडल्यावर किंवा सकाळी लवकर. गाडी घेताना छताला मागे जाळीची खिडकी आणि पाठीला जाळी असलेली घ्या. फिरताना अधूनमधून मानेच्या मागे हात घालून बघा, घाम असेल, तापलेली लागली, बाळ सुस्त वाटलं तर लगेच आत गारव्यात न्या, अंगावर पाजा. पाच महिन्यांच्या बाळाला वरचं पाणी नको.

आम्ही लंडनला असतो. बाळ दोन महिन्यांचं, आईबाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी येतायत, तेच दिवसा फिरवतील. बस आणि ट्यूब, म्हणजे इथली भुयारी रेल्वे, दोन्ही. इथे मोठी प्रॅम, म्हणजे बाळ आडवं झोपवायची जड गाडी, की फोल्डिंगची?

बाळ दोन महिन्यांचं आहे म्हणजे आडवी पाठ हवीच, पण अख्खी मोठी प्रॅम नको, आडवी होणारी आणि पटकन मिटणारी बघा. लंडनच्या बसमधे गाडी ज्या जागेत उभी करता ती व्हीलचेअरची जागा असते, व्हीलचेअरवालं कुणी चढलं तर तुम्हाला गाडी मिटावी लागते किंवा हलवावी लागते, व्हीलचेअरवाल्यांचा हा हक्क तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला विषय आहे, २०१७ साली कोर्टाने म्हटलं की ड्रायव्हरने नुसतं एकदा विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही. मला ते अगदी योग्य वाटतं. तेव्हा आईबाबांना हे आधी समजावून ठेवा, कुणी काही म्हणालं तर ते बावरतील, आणि मिटवायचा सराव घरात आठ-दहा वेळा करून घ्या, बाळ आजीच्या हातात, गाडी आजोबांकडे. ट्यूबच्या जुन्या बऱ्याच स्टेशनांवर जिनेच आहेत, एलिझाबेथ लाइनवर मात्र प्रत्येक स्टेशनला रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत पायरी न चढता जाता येतं, सुरुवात तिथूनच करा. मिटणारी हलकी गाडी तुमच्या इंग्लंडचीच देणगी आहे, १९६५ साली ओवेन मॅक्लारेन नावाच्या विमानाच्या इंजिनियरने केली, स्पिटफायर विमानांच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला माणूस, लेक परदेशातून जड प्रॅम घेऊन आली तिचे हाल बघून त्याने ॲल्युमिनियमची छत्रीसारखी मिटणारी केली.

अजून एक, बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे असेल अशी घ्या. २००८ साली डंडी विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं की बाळ समोर दिसत असलं की आईबाप त्याच्याशी साधारण दुप्पट बोलतात. आजीआजोबा तीन महिने समोरून बाळाशी मराठीत बोलत राहणार, हे तुमच्या घराला किती हवंय ते तुम्हाला माहितीच आहे. पावसाचं प्लास्टिक कव्हर मात्र बसमधे, दुकानात शिरलं की काढायचं, हे दोघांनाही सांगा.

पुण्यात कोथरूडला राहतो. चुलतबहिणीची पाच वर्षं जुनी बाबागाडी मिळतेय, सोबत चाकांचा वॉकर पण देतेय. घेऊ का?

गाडी बघून घ्या, जुनी आहे म्हणून नाही म्हणू नका. दहा किलो वजन ठेवून पार्किंगच्या उतारावर ब्रेक लावून सोडा, सरकली तर नको. उघडल्यावर लॉक नीट खटकन बसतो का, पट्ट्याचं बकल मुलाच्या ओढण्याने सुटत नाही ना, सांगाड्याला चीर नाही ना बघा. पट्टे विरलेले असतील तर त्या कंपनीचेच नवीन मिळतात का विचारा, शिंप्याकडून शिवून घेऊ नका. पावसाळा बेसमेंटमधे काढलेल्या गाडीच्या गादीत बुरशी असते, गादी काढून उन्हात टाका, वास गेला नाही तर नवीन घ्या. मॉडेल नंबर टाकून कंपनीने परत मागवलेली नाही ना तेही शोधा.

वॉकर घेऊ नका. चाकांच्या वॉकरमधे मूल एका क्षणात जिन्यापर्यंत, गॅसपाशी, टेबलावरच्या चहापर्यंत पोचतं, आणि त्याने चालणं लवकर येतं असंही नाही. कॅनडाने २००४ सालापासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातलीये. बाळ स्वतः उभं राहून मागून ढकलतं तो आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल आपणहून उभं राहायला लागलं की सपाट जागी, तुम्ही जवळ असताना द्या. बहिणीला पण सांगा, तो वॉकर पुढे दुसऱ्या कुणाला देऊ नकोस म्हणून.