वाचक विचारतात : दुसऱ्याच्या नावावरचं ऑस्कर

प्रश्न : झाडीपट्टीसाठी नाटकं लिहितो. मागच्या हंगामात माझी संहिता दुसऱ्याच्याच नावानं पोस्टरवर झळकली. डाल्टन ट्रम्बो या अमेरिकी पटकथाकाराचंही असंच झालं म्हणे. त्याला नाव परत कसं मिळालं?
(वाचक, वडसा)

उत्तर : तुमचं नाव दुसऱ्यानं खाल्लं, ट्रम्बोनं आपलं स्वतःच लपवलं. लावलं असतं तर काम मिळालं नसतं. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं ‘कम्युनिस्ट आहात का?’ विचारलं, तेव्हा त्याच्यासह दहा जणांनी उत्तर द्यायला नकार दिला. स्टुडिओंची दारं बंद झाली, १९५० मध्ये तुरुंगही घडला.

मग पोटासाठी दोन वाटा. ओळखीच्या लेखकाचं नाव पुढे करायचं, नाहीतर मुळात नसलेल्याच माणसाचं टाकायचं. ‘रोमन हॉलिडे’ हा सिनेमा पहिल्या वाटेनं गेला. त्याच्या कथेचं ऑस्कर इयन मॅक्लेलन हंटरच्या नावावर पडलं. दुसऱ्या वाटेत १९५७ साली फजिती झाली. ‘द ब्रेव्ह वन’च्या कथेसाठी ‘रॉबर्ट रिच’ असा पुकारा झाला आणि रिच नावाचा लेखकच जगात नाही! ऑस्करची बाहुली दुसऱ्यानं उचलली, अन् पत्रकार रिचचा पत्ता शोधत बसले. १९६० मध्ये ‘स्पार्टाकस’ आणि ‘एक्झोडस’वर ट्रम्बोचं नाव आलं तेव्हा ही बंदी खिळखिळी झाली. ‘ब्रेव्ह वन’ची बाहुली त्याच्या हाती १९७५ मध्ये आली, पुढच्या वर्षी तो वारला. ‘रोमन हॉलिडे’ची १९९३ मध्ये, म्हणजे मरणोत्तर.

तुम्हाला एवढं थांबायची गरज नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. अडतं ते पुराव्यावर. पहिला खर्डा फेकू नका. खाडाखोडीची, तारखेची वहीच उद्या साक्ष देईल. मंडळाला संहिता मेलनं पाठवा, हातोहात नको. आणि करारात ‘लेखकाचं नाव’ एवढंच नको; पोस्टर, हँडबिल आणि प्रचाराच्या गाडीवरचा पुकारा, तिन्ही नावं घेऊन लिहा. गाडीवरचं बहुतेक विसरतात.

प्रश्न : ट्रम्बो खेड्यातला होता का? कसा लिहायचा?
(वाचक, आर्वी)

उत्तर : कोलोरॅडोतल्या मॉन्ट्रोजचा जन्म (१९०५), वाढला ग्रँड जंक्शनला. लॉस एंजेलिसच्या बेकरीत कित्येक वर्षं रात्रपाळी करत लिहिलं. पुढे बाथटबमध्ये बसून लिहायचा : टबावर आडवी फळी, तिच्यावर कागद, बाजूला राखदाणी. ग्रँड जंक्शनला पुतळाही टबातलाच उभारलाय, म्हणजे बसवलाय.

प्रश्न : नाटकाची पटकथा करताना किती पानं?
(वाचक, दारव्हा)

उत्तर : इंग्रजीत ठरावीक टंकात एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. देवनागरीत ते गणित जुळत नाही. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा, हालचालींची जागा सोडून. नाटकवाल्यांचं घोडं अडतं ते दुसरीकडे. रंगमंचावर सगळं बोलून सांगावं लागतं, म्हणून पटकथेतही पात्र बोलतच सुटतं. ‘रामराव कर्जानं खचलाय’ हे वाक्य कॅमेऱ्याला दिसत नाही. ‘रामराव कापसाच्या गाठोड्यावर बसून बँकेची नोटीस उलटी धरतो, मग घडी करून टोपीत खोचतो’ हे दिसतं. दर प्रसंगाच्या डोक्यावर आत की बाहेर, कुठं, दिवस की रात्र, एवढं टाका. रात्रभर चालणाऱ्या नाटकातली गाणी अर्ध्याहून जास्त काढावी लागतील. जीव तुटेल, पण काढा.