चिठ्ठी फाडून टाक

ताई, तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक पाप घडलं. चर्चमध्ये फादरना सांगून पापनिवेदन केलं, क्षमाही मिळाली. पण घरी पोचेपर्यंत वाटायला लागलं की मी नीट सांगितलंच नाही. पुन्हा गेले. मग पुन्हा. आता सगळं चिठ्ठीवर लिहून नेते, तरी काहीतरी राहतंच. गेल्या महिन्यात फादर म्हणाले, ‘हे पाप यापुढे सांगायचं नाही आणि कम्युनियन, म्हणजे वेदीपाशी मिळणारी पवित्र भाकर, चुकवायचं नाही.’ मी हो म्हटलं. पण रविवारी कम्युनियनच्या रांगेतून परत फिरले. फादरना नीट कळलंच नसेल तर? त्यांचं ऐकून मी नरकात गेले तर?
– घाबरलेली

अगं घाबरलेली,

कुलूप लागलं की नाही हे बघायला दोन जिने चढून परत आलेली बाई आहे मी. कुलूप ओढून बघितलं की बरं वाटतं, पण ते समाधान जेमतेम खालच्या पायरीपर्यंत टिकतं. तुझं पापनिवेदन आता तसलं कुलूप झालंय. चौथ्यांदा ओढलंस म्हणून ते जास्त घट्ट लागणार नाही.

आधी चर्चच्या शिकवणीचं बोलते. जाणूनबुजून लपवलेलं पाप वेगळं. पण प्रामाणिकपणे आठवून सांगितलं आणि तरी एखादी गोष्ट विसरली, तर तीही क्षमेत येते. एखादं विसरलेलं गंभीर पाप पुढे आठवलं तर पुढच्या वेळी सांगायचं, एवढंच. तुझं तर विसरलेलंही नाही, तीन-चारदा सांगून झालंय.

आता जेझुइट संघ स्थापन करणारे संत इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट ऐक. हा तलवार गाजवलेला माणूस. 1522 साली स्पेनमधल्या मोन्सेरातच्या मठात त्याने आयुष्यभराची पापं लिहून काढून तीन दिवस पापनिवेदन केलं. तरी पुढे जवळच्याच मान्रेसा गावात तीच पापं त्याला छळायला लागली. शेवटी त्याच्या फादरनी सांगितलं, जुनं काही पुन्हा सांगू नकोस, अगदी स्पष्ट आठवत असेल तेवढंच सांग. गंमत अशी की त्याला सगळंच अगदी स्पष्ट आठवत होतं! मग त्याने आठवडाभर अन्नपाणी सोडलं. फादर म्हणाले, उपास मोड. उपास करूनही अजून अंगात जोर आहे असं त्याला वाटत होतं, तरी त्याने मोडला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी सगळं परत आलं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की हा आवाज देवाचा नव्हे. मागचं काहीही पुन्हा सांगायचं नाही असं त्याने पक्कं ठरवलं आणि तो सुटला.

तिसऱ्या दिवशी परत आलं, हे मुद्दाम सांगतेय. तुझंही येईल. भीती जाईल आणि मग मी ऐकेन, असं तू धरून बसली आहेस. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात जैतुनाच्या डोंगरावर येशूला धीर द्यायला देवदूत येतो, आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडतो तो त्यानंतर. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे म्हणून झालं होतं, तरी. तेव्हा रांगेत तुझे पाय लटपटले तर विश्वास कमी पडला असं समजू नकोस. लटपटत्या पायांनी पुढे जा.

आणि ‘फादर चुकले तर?’ क्षणभर धरून चालू, चुकले. त्या चुकीचा जाब तुला कोण विचारणार? तू काही लपवलं नाहीस, विचारलंस; आता सांगितलं तसं वागलीस की झालं. मला तर आज्ञापालनातली ही सगळ्यात मोठी सोय वाटते. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होऊन बसायचं काम सुटतं.

इथे थोडी थांबते, कारण आज्ञापालन या शब्दाचा गैरवापर करणारेही असतात. मी बोलतेय ते पापनिवेदनातल्या या एका साध्या सूचनेबद्दल. कोणी तुला अपमानित केलं, धाक दाखवला किंवा खासगी आयुष्यात नको तितकं शिरलं, तर ऐकायचं नाही. उठायचं आणि विश्वासातल्या माणसाला सांगायचं. पापनिवेदन कोणाकडे करायचं हे निवडण्याची मोकळीक चर्चनेच दिली आहे. फक्त हेच पाप घेऊन दर वेळी नवे फादर शोधू नकोस. एकच धर, त्यांना या त्रासाबद्दल मोकळेपणी सांग आणि त्यांच्या म्हणण्यावर टिकून राहा.

आणखी एक. हात धुणं, गॅसचं बटण, दार, अशा गोष्टीही पुन्हापुन्हा तपासाव्या लागत असतील किंवा झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. या भीतीच्या मागे कधीकधी आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. त्यांच्याकडे जाण्याने श्रद्धा उणी होत नाही. पडसं झालं की डॉक्टरकडे जातेस तेव्हा कुठे होते?

येत्या रविवारी तो विचार येईल, बहुतेक वेदीपासून तीन-चार माणसं अंतरावर. त्याच्याशी वाद घालू नकोस, तो जिंकेल. त्याला सराव जास्त आहे. ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ एवढं एकदा म्हण. एकदाच हं, नाहीतर तेही नीट म्हटलं का याची तपासणी सुरू करशील.

आणि चिठ्ठी आज रात्रीच फाड. पर्समध्ये राहिली तर शनिवारी तू तिच्यात भर घालशील.

– तुझी ताई