वाचक विचारतात: टायर मोठा केला, मीटर मागे पडलं

प्रश्न (कराड): माझ्या स्विफ्टला १६५/८० आर १४ टायर आहेत. आता १५ इंची अलॉय घालायचे आहेत. टायरवाला म्हणतो, १९५/६५ घ्या, ग्रिप चांगली मिळते, मीटरला काही होत नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर: ग्रिपचं बरोबर आहे, मीटरचं नाही. रिम १४ ची आहे की १५ ची, याच्याशी मीटरला देणंघेणं नसतं. गाडी चाकाचे किंवा गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजते आणि कारखान्यात ठरवून दिलेल्या परिघाने गुणते. म्हणून बघायचा तो टायरचा बाहेरचा पूर्ण व्यास. तो टायरवर लिहिलेल्या आकड्यांतूनच निघतो.

१६५ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ८० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. साइडवॉल वर आणि खाली अशी दोनदा धरायची, २६४. रिम १४ इंच, गुणिले २५.४, म्हणजे ३५५.६. बेरीज ६१९.६ मिमी. हाच हिशेब १८५/६५ आर १५ ला केला तर ६२१.५ येतात. फरक ०.३ टक्के, म्हणजे नसल्यासारखाच. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला हाच साइज कंपनीकडून येत होता, तो उगाच नव्हे. १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ मिमी, म्हणजे पाऊण टक्क्याने कमी. तोही चालतो. पण तुमच्या टायरवाल्याने सांगितलेला १९५/६५ आर १५ जातो ६३४.५ मिमीवर, म्हणजे २.४ टक्के मोठा. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा २.४ किमी जास्त वेगाने पळत असेल आणि १०,००० किमी रनिंग दिसेल तेव्हा प्रत्यक्षात २४० किमी जास्त झालेले असतील.

आमचा सल्ला १८५/६५ आर १५ चाच. नवा टायर घेताना व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा आणि शक्यतो मोठ्या बाजूला जाऊ नका. व्यास जुळला तरी लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, जुन्यापेक्षा कमी नको. १६५/८० आर १४ वर बहुधा ८५ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरवर ५१५ किलो. आणि हो, दाराच्या खांबावर कंपनीने मान्य साइजचं स्टिकर लावलेलं असतं. त्याबाहेरचा साइज घातला तर अपघातानंतर विम्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

प्रश्न (अहिल्यानगर): बोलेरोला २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातले. अ‍ॅव्हरेज एकदम पडलं. शिवाय मोबाइलवरचा जीपीएस आता मीटरइतकाच वेग दाखवतो, पूर्वी कमी दाखवायचा. मीटर सुधारलं की बिघडलं?

उत्तर: दोन्ही लक्षणांचं मूळ एकच. तुमच्या टायरचा व्यास ७०३.५ वरून ७३३.५ मिमी झाला, म्हणजे ४.३ टक्क्यांनी वाढला.

वेगाचा काटा मुळात थोडा पुढेच ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या वाहन नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायची मुभा मात्र आहे, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमीपर्यंत. म्हणजे गाडी ८० ने जात असताना मीटरवर ९२ दिसले तरी ते नियमात बसतं. तुमचा काटा साधारण चार टक्के पुढे असावा. मोठ्या टायरने ती मोकळीक खाऊन टाकली, म्हणून आता तो जीपीएसशी जुळतो. मीटर सुधारलेलं नाही, त्याची राखीव सूट संपली आहे. यापुढे आणखी मोठा टायर घातलात तर काटा १०० वर असताना स्पीडगनमध्ये १०० च्या वरचा आकडा येईल. अतिवेगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे आणि 'माझं मीटर कमी दाखवत होतं' हे तिथे ऐकून घेत नाहीत.

किलोमीटरच्या आकड्याला म्हणजे ओडोमीटरला अशी सूट बहुधा दिलेली नसते, तो खऱ्या अंतराच्या जवळ ठेवलेला असतो. त्यामुळे काटा आता बरोबर दिसत असला तरी रनिंग मात्र कमी पडतंय. अ‍ॅव्हरेजची अर्धी तक्रार इथेच सुटते. समजा मीटरवर ३०० किमी झाले आणि २२ लिटर डिझेल लागलं, तर कागदावर १३.६ येतं. खरं अंतर ३१३ किमी, म्हणून अ‍ॅव्हरेज १४.२. फुल टँक ते फुल टँक हिशेब करा आणि मीटरच्या किलोमीटरला १.०४३ ने गुणा. त्यानंतरही जे कमी दिसेल ती खरी घट: टायर जड झाला, रुंद झाला आणि गिअरिंग लांबल्यामुळे (चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जात असल्याने इंजिनावर ताण वाढून) चढावर खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ जातो. सर्व्हिसचंही तसंच. १०,००० ला ऑइल बदलत असाल तर ते मीटरवर ९,६०० ला बदला.

टायर पूर्ण वळवून आणि गाडी भरून बघा, चाकाच्या कमानीला किंवा मडफ्लॅपला घासतो का. मीटरच्या नादात हे राहून जातं.

प्रश्न (फोंडा): मीटर किती चुकतंय हे घरच्या घरी कसं तपासायचं?

उत्तर: काटा आणि किलोमीटर वेगवेगळे तपासा. काट्यासाठी सपाट, सरळ, मोकळा रस्ता हवा. ६० किंवा ८० वर वेग स्थिर धरा, पंधरा-वीस सेकंद तसाच ठेवा आणि शेजारी बसलेल्याला मोबाइलवरचा जीपीएस वेग वाचायला सांगा. वेग बदलत असताना वाचलेला आकडा उपयोगाचा नाही, जीपीएस एक-दोन सेकंद मागे असतो. घाटात आणि बोगद्यात तर नकोच.

किलोमीटरसाठी ट्रिप मीटर शून्य करून हायवेवरच्या दगडांशी ताडा, पण किमान २० किमी. ट्रिप मीटर ०.१ किमीच्या टप्प्याने पुढे जातं. ५ किमीत तेवढ्यानेच दोन टक्क्यांची चूक येते, २० किमीत ती अर्ध्या टक्क्यावर येते. मध्ये नवा बायपास झालेला असेल तर जुने दगड खोटे ठरतात, तिथे जीपीएसवर नोंदलेलं अंतर घ्या.

आणि ही चाचणी नव्या टायरवर केली की घासलेल्यावर, हे लिहून ठेवा. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिमी खोल असतात, १.६ ला टायर बाद. म्हणजे टायरच्या आयुष्यात व्यास सुमारे १३ मिमीने घटतो. ६२० मिमीच्या टायरला हा दोन टक्के फरक आहे, साइज न बदलता. हवा थोडी कमी असल्याचा परिणाम मात्र त्यापेक्षा कमी, कारण रेडियल टायरमधला पोलादी पट्टा परिघ फारसा बदलू देत नाही.

प्रश्न (नाशिक): मोठे टायर ठेवूनच मीटर बरोबर करून घेता येईल का?

उत्तर: गाडीवर अवलंबून. केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमध्ये गिअरबॉक्सवरचा छोटा गिअर बदलतात. २१ दात्यांच्या जागी २० चा बसवला की केबल ५ टक्के जास्त फिरते. त्याच्या मधलं काही मिळत नाही. नव्या गाड्यांत वेग एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकावरच्या सेन्सरमधून येतो. काहींत स्कॅनरने कंट्रोल युनिटमध्ये टायरचा साइज निवडता येतो, पण कंपनीच्या यादीतलाच. बाजारात सेन्सरच्या वायरमध्ये बसवून वेगाचा सिग्नल बदलणाऱ्या डब्या मिळतात. एबीएसच्या वायरला त्या लावू नका, ब्रेक तिथूनच वेग वाचतात.

आधी नोंदलेले किलोमीटर कुणीही मागेपुढे करून देत असेल तर नकार द्या. टायर बदलल्याची तारीख आणि त्या वेळचं रनिंग सर्व्हिस बुकात लिहा, गाडी विकताना तेच दाखवता येतं. स्टेपनी जुन्या साइजची राहिली असेल तर तीही बदला. चार टक्क्यांनी लहान चाक एका बाजूला लावून लांब पल्ला गाठला तर डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) सतत काम करत राहतं आणि एबीएसचा दिवा लागू शकतो. फोर बाय फोर गाडीत अशी स्टेपनी लावलेली असताना डांबरी रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह टाकू नका.